मालक शेजारचा: तांजोंग पगार स्टेशन

सिंगापूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तू पक्का रेल्वेवेडा, म्हणून आज बाकी काही न लिहिता फक्त तांजोंग पगार स्टेशनबद्दल लिहितोय. सोबत फोटो आहेत. दर्शनी भागावरचे चार संगमरवरी पुतळे मोठे करून बघ: शेती, व्यापार, वाहतूक आणि उद्योग. शिल्पकार इटालियन, अँजेलो व्हानेत्ती. चौघांसोबत एकेक अक्षर आहे: एफ, एम, एस, आर. म्हणजे फेडरेटेड मलय स्टेट्स रेल्वे.

सगळी गोम त्या अक्षरांतच आहे बघ. 1932 साली उघडलेलं हे स्टेशन सिंगापूरमध्ये, पण रेल्वे मलायाची. रुळांखालची जमीनही 1918 च्या कायद्याने 999 वर्षांसाठी तिच्याच नावावर. इंग्रजांच्या राज्यात दोन्हीकडे धनी एकच, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. 1965 मध्ये सिंगापूर मलेशियापासून वेगळं झालं आणि शहराच्या ऐन मोक्याची जागा शेजारी देशाच्या ताब्यात राहिली.

1998 मध्ये तर कहरच झाला. सिंगापूरने आपली पासपोर्ट तपासणी सीमेजवळ वूडलँड्सला हलवली. मलेशिया मात्र स्टेशनातून हलायला तयार नाही. त्यामुळे प्रवासी तांजोंग पगारलाच कागदोपत्री मलेशियात शिरायचा, मग आख्खं बेट ओलांडून वूडलँड्सला सिंगापूर सोडायचा. आधी लग्न, मग साखरपुडा!

1990 साली या जागेबद्दल करार झाला होता, पण त्याचा अर्थ लावण्यातच दोन्ही सरकारांची वीस वर्षं गेली. 2010 मध्ये तोडगा निघाला: मलेशियाने रेल्वेची जागा सोडायची आणि बदल्यात मरीना साउथ व ओफिर-रोचोर भागातली जमीन विकसित करण्यात वाटा घ्यायचा. 30 जून 2011 च्या रात्री शेवटची गाडी सुटली. चालवायला कोण, तर खुद्द जोहोरचे सुलतान! तुला हे फार आवडेल.

इमारतीला त्याआधीच, एप्रिलमध्ये, राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला होता. त्यामुळे आतली भित्तिचित्रं वाचली. त्यांत भातशेती आहे, रबराचा चीक काढणारे मजूर आहेत, कथिलाच्या खाणीही आहेत. बहुतेक रूळ मात्र उखडले आणि त्या पट्ट्यावर 24 किलोमीटरचा पायी हिंडायचा मार्ग झाला. बुकिट तिमाहचं छोटं स्टेशन आणि दोन लोखंडी पूल तेवढे राखलेत. मला विचारशील तर तांजोंग पगारला पासपोर्टची ती खिडकीही हमखास दाखवायला हवी. नुसते खांब आणि पुतळे बघून या स्टेशनाची गंमत कुणाला कळणार?

डिसेंबरात येतोयस ना? बूट चांगले आण, बुकिट तिमाहचे पूल चालतच बघायचे आहेत. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश