निष्ठा मतदाराने ठेवायची, उधारी आम्ही!

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मतदार आता कुणाचाच राहिला नाही, अशा आशयाचा आपला कालचा अग्रलेख वाचला. भाषा नेहमीप्रमाणे उत्तम. जून 2024 ला महाराष्ट्राने 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला दिल्या आणि त्याच महाराष्ट्राने नोव्हेंबरात तिचं पानिपत केलं, म्हणून मतदार चंचल, मतदार विकाऊ, पूर्वीची पक्षनिष्ठा गेली, असं आपलं म्हणणं. मधल्या काळात घरोघरी बायकांच्या खात्यात 'लाडकी बहीण'चे 1500 रुपये पडायला लागले होते, ते आपण एका वाक्यात उरकलंत. असो. झेडपीसारख्या निवडणुकीचं वारं सुटलं की कुणाची निष्ठा किती दिवस टिकते हे बघायला माझ्याइतकी मोक्याची जागा तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नसेल. माझं फ्लेक्सचं दुकान आहे.

आमच्या धंद्यात निष्ठा वरच्या पट्टीत दिसते. फ्लेक्सच्या माथ्यावर गोल फोटोंची रांग असते ना, तीच ती पट्टी. आधी दिल्ली-मुंबईचे, मग जिल्ह्याचे, मग तालुक्याचे, आणि सगळ्यात शेवटी घेतले नाहीत तर रुसतील असे. कुणाचा गोल मोठा आणि कुणाचा कडेला गेला, यावरून रात्री अकराला माझ्या कॉम्प्युटरसमोर भांडणं होतात. खाली उमेदवार, हात जोडून उभा. पक्ष बदलला की पट्टी, मागचा रंग आणि चिन्ह एवढं बदलायचं. जोडलेले हात तेच चालतात. 2022 ला शिवसेना फुटली, पुढच्या वर्षी राष्ट्रवादी, तेव्हा जुन्या फाईली उघडून आम्ही नुसत्या पट्ट्या बदलत होतो. धंदा झाला, खोटं कशाला बोलू?

पण विधानसभेच्या वेळचं ऐका. आमच्या भागातला एक पुढारी आहे. नाव, पक्ष, गट काही लिहीत नाही, मला इथंच राहायचंय. गावोगावी लावायचे दहा बाय पंधराचे फ्लेक्स, चौकातला मोठा, पत्रकं, गाड्यांवरची स्टिकरं, सगळं त्यानं माझ्याकडून नेलं. "साहेबांचं काम आहे भाऊ, बिल निकालानंतर, पैसे कुठं जात नाहीत." निवडणुकीत सगळ्यांची अशीच उधारी असते, अॅडव्हान्स मागितला तर ऑर्डर समोरच्या दुकानात जाते. 23 नोव्हेंबरला निकाल लागला, साहेब पडले. मी फोन केले, उचलले नाहीत. मग एके दिवशी हा स्वतःच दुकानात हजर. मला वाटलं पैसे घेऊन आला. तो 'जाहीर पक्षप्रवेशा'चा फ्लेक्स करायला आला होता.

वर म्हणाला, "नवा फोटो काढत बसत नाही. तुमच्याकडं आहे तोच घ्या, चांगला आलाय. फक्त उपरण्याचा रंग बदला." माझ्याकडचं पोरगं तासभर त्या उपरण्याच्या मागं लागलं होतं. गळ्याभोवतीचं जमलं, पण मानेपाशी कॉलरला लागून जुन्या रंगाची बारीक कड राहिली. घाई होती, तसाच फ्लेक्स चौकात चढला. येणारे-जाणारे खाली उभे राहून ती कड एकमेकांना दाखवायचे.

मी मागचं बिल पुढं केलं तर म्हणाला, ते त्या पक्षाचं काम होतं, त्यांच्याकडनं घ्या. तिकडच्या तालुकाध्यक्षांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "ज्यानं माल नेला त्याला मागा, तो आता आमचा नाही." परत याच्याकडे. "अहो, मी आता तिथं नाहीच, तर मी कसा देणार?" बोलणं इतकं सरळ, की क्षणभर मलाच पटलं. तर माणूस गेला, त्याची पोरं गेली, फोटोसुद्धा गेला. उधारी तेवढी जुन्या पक्षाशी एकनिष्ठ राहिली. अठ्ठावीस हजारांची.

आता यातली गंमत बघा. निवडणुकीच्या पत्रकाखाली मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127 अ. प्रकाशकाकडून दोन ओळखीच्या माणसांच्या सह्यांचं घोषणापत्र घ्यायचं, प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची, चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे मी कुणाचं छापलं हे सरकारदरबारी कायमचं नोंदलेलं. ज्याचं छापलं, तो महिन्याभरात दुसऱ्या मांडवात जेवला तरी त्याला विचारणारं कुणी नाही. पक्षांतरबंदी 1985 पासून आहे, ती आमदार-खासदारांना, हे मलाही माहीत आहे. तिचं काय झालं तेही माहीत आहे. 2024 च्या जानेवारीत शिवसेनेचा आणि फेब्रुवारीत राष्ट्रवादीचा निकाल विधानसभाध्यक्षांनी दिला. दोन्ही गट धरून एकही आमदार अपात्र ठरला नाही. एका पक्षाचे दोन पक्ष झाले आणि फुटलं मात्र कुणीच नाही! तुम्ही त्यावर तेव्हा लिहिलं होतं, मान्य. पण त्यात 'विकाऊ' हा शब्द वाचल्याचं आठवत नाही. तो मतदारासाठी राखून ठेवला असेल.

चंचलच म्हणायचं तर आमच्या साताऱ्याला म्हणून दाखवा. 2019 च्या मे महिन्यात उदयनराजे राष्ट्रवादीच्या घड्याळावर निवडून आले, सप्टेंबरात खासदारकी सोडून भाजपत गेले, आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत याच जिल्ह्याने खुद्द छत्रपतींच्या घराण्यातल्या उमेदवाराला सत्त्याऐंशी हजारांवर मतांनी घरी बसवलं. शरद पवारांच्या पावसातल्या सभेनं वारं फिरलं, असं तुम्ही मंडळी लिहिता. सभा मोठीच झाली. पण माझ्या दुकानातल्या बाकड्यावर बसणारे लोक पावसाच्या आधीपासून म्हणत होते, "आत्ताच तर दिलं होतं, परत कशाला मागायला आले?" पुढं 2024 ला तेच राजे कमळावर निवडून आले, बत्तीस हजारांवर मतांनी, आणि पिपाणी घेऊन उभ्या राहिलेल्या अपक्षाला मिळाली सदतीस हजार. त्यातली पवारांच्या नव्या चिन्हाची, तुतारीची किती, ते त्या मशीनलाच ठाऊक.

माझी काकी त्याच मतदारसंघातली. 1999 ला राष्ट्रवादी निघाली तेव्हापासून घड्याळ, आधी शिक्का मारून, मग बटण दाबून, दुसरीकडे बघितलं नाही. 7 मे 2024 ला ती आत गेली तर घड्याळच नाही. जागा भाजपला सुटलेली, आणि पवारसाहेबांच्या पक्षाचं चिन्ह बदललेलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काकी, कुणाला दिलं?" तर म्हणाली, "वाजवायचं कायतरी हुतं, त्याला दिलं बाबा." ती तुतारी होती का पिपाणी, हे मला आजवर कळलेलं नाही आणि तिलाही नाही. हिला निष्ठावंत म्हणायचं का चंचल? आपणच ठरवा, आपल्याला अशा गोष्टी ठरवायची सवय आहे.

पाकिटाचं म्हणाल तर घेतात. मी नाही म्हणत नाही, काही घरं दोन्हीकडची घेतात. पण पाकीट वाटणारा पुढच्या निवडणुकीला त्याच पक्षात असेल याची हमी कुणी देत नाही, आणि घेणाऱ्यानं मात्र खाल्ल्या मिठाला जागावं, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

जाता जाता आणखी एक. ज्या अंकात मतदारांना निष्ठेचे पाठ दिलेत, त्याच अंकाचं पहिलं पान मला तिसऱ्या पानावर सापडलं. त्याआधी दोन्ही बाजूंना पानभर एका पक्षाची जाहिरात, आणि माथ्यावर तीच गोल फोटोंची पट्टी. चार रुपयांचा पेपर घेऊन बातमी शोधावी लागते ही तक्रार माझी एकट्याची नाही, पेपर टाकणारं पोरगंसुद्धा चिडतं. तुमच्या डिझाईनवाल्याला सांगा, डावीकडून दुसऱ्या साहेबांच्या कानामागची पांढरी कड काढायची राहिली आहे. आणि ही जाहिरात रोखीची का उधारीची? रोखीची असेल, तर पुढाऱ्यांकडून पैसे आधी कसे काढून घेता, तेवढं मला कळवा. छापलं नाहीत तरी चालेल, फोन करा, नंबर पाकिटावर लिहिला आहे.

पत्र लांबलं असेल तर साताऱ्याचा भाग कापा, उपरण्याचा ठेवा. मागच्या पावसाळ्यात खड्ड्यांवरचं माझं पत्र छापलंत, त्यातले खड्डेच कापले होते.

आपला वाचक,
एक फ्लेक्सवाला, जि. सातारा
(नाव व तालुका छापू नये, ही विनंती.)