तव्याभोवती खुर्च्या किती, ते आधी विचारा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ग्रुपनं जेवायला कुठं जायचं यावर पानभर आलं होतं, त्यात जपानी तेपन्याकीचा, म्हणजे गिऱ्हाइकासमोरच मोठ्या तव्यावर भाजून वाढतात त्याचा, फोटो होता, आचारी कांद्याच्या चकत्या एकावर एक रचून त्यातून जाळ काढून राहिला अन् भोवती पोरंपोरी मोबाईल धरून. फोटो झकास. पण अख्ख्या पानात एका तव्यापाशी माणसं किती बसतात हे कुठंच नाही! म्हणून लिहून राहिलो. तुम्ही म्हणाल दर्यापूर तालुक्यातल्या कास्तकाराला जपानी जेवणातलं काय कळतं. नाही कळत, कबूल. पण गावच्या भंडाऱ्यात वाढप्यांचा हिशोब बरीच वर्षं माझ्याकडं आहे, त्यामुळं माणसं बसवायचं गणित कळतं.

मागच्या दिवाळीत पुतण्याला प्रमोशन मिळालं, तो पुण्यात असतो, त्यानं सगळ्यांना बोलावलं. आम्ही तेरा जण. त्यानं असाच जाळाचा फोटो पाहून बुकिंग केलं. तिथं गेल्यावर कळलं की तव्याला तीन बाजूंनी मिळून आठच खुर्च्या, म्हणजे आठ इकडं, पाच तिकडं, अन् त्या पाचांच्या शेजारी कुण्या ऑफिसची तीन अनोळखी पोरं आणून बसवली कारण खुर्च्या रिकाम्या ठेवत नाहीत. बाबा एका तव्यापाशी, आई दुसऱ्या. धाकटे जावई ट्रॅफिकमध्ये अडकले, चाळीस मिनिटं लेट. आचारी सगळ्या टेबलाचं एकदाच करतो, तो तरी किती थांबणार, त्यानं सुरू केलं अन् जावयाच्या वाट्याला थंडगार भात. आपल्याकडं उशिरा आलेला दुसऱ्या पंगतीत बसतो, इथं दुसरी पंगतच नसते.

पण खरा घोटाळा आईचा झाला. आई माळकरी. तिच्यासाठी टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, अन् भाज्या सांगितल्या होत्या. त्या माणसानं तव्यावर कोळंबी टाकली, परतली, अन् त्याच सराट्यानं शेजारचा टोफू पलटवला. आम्ही सगळे जाळ पाहून टाळ्या वाजवत होतो, आई सराट्याकडं पाहत होती. तिनं काही म्हटलं नाही, ताटावर पालथा हात ठेवला अन् "मले भूक नाही रे" एवढंच. रात्री रूमवर घरून आणलेला चिवडा खाल्ला. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण विचारायचं काम आमचं होतं अन् आम्ही विचारलं नाही.

घरी आल्यावर पुतण्याकडून समजून घेतलं की हे प्रकरण आहे तरी काय. तेपान म्हणजे लोखंडी पत्रा, याकी म्हणजे भाजलेलं. म्हणजे तवाच की! लय पुरातनही नाही, १९४५ साली कोबे शहरात मिसोनो नावाच्या हॉटेलानं पत्र्यावर मांस भाजून द्यायला सुरुवात केली अन् युद्धानंतर तिथं असलेल्या अमेरिकन लोकांना ते आवडलं, कारण समोर काय शिजतं ते दिसत होतं. मग १९६४ मध्ये रॉकी आओकी नावाच्या जपानी पैलवानानं न्यूयॉर्कात बेनिहाना नावाचं हॉटेल काढलं, तिथून ते सुऱ्या फिरवणं, कांद्यातून जाळ काढणं वगैरे नाटक जगभर गेलं. अमेरिकेत तर याला हिबाची म्हणतात म्हणे, अन् जपानीत हिबाची म्हणजे कोळशाची शेगडी, म्हणजे तव्याला शेगडी म्हणून मोकळे.

हे सांगायचं कारण, हॉटेल निवडताना याचा उपयोग होतो. जपानी चालीच्या ठिकाणी आचारी गुपचूप काम करतो, तुम्ही काउंटरला सरळ रांगेत बसता. अमेरिकन चालीचं असलं की तव्याच्या तीन बाजूंनी माणसं अन् मधी तमाशा. मुलं जास्त असतील तर तमाशा बरा. आमच्या बाबांना कमी ऐकू येतं, त्यांच्यासमोर कुणी सराटे आपटले तर शेजारच्याचं बोलणं त्यांना कळत नाही, ते नुसते हसून घेतात. बरं, रांग लांब झाली तर या टोकाचं त्या टोकाला ऐकू जात नाही हेही आहे. तव्यामुळं मधला माणूस पलीकडच्याशी बोलायचा तो आचाऱ्याशीच बोलतो.

यंदा मे महिन्यात बाबांची पंच्याहत्तरी आली. पुतण्या परत तेपन्याकीच म्हणे, अन् गंमत म्हणजे बाबाही हो म्हणाले. मी म्हटलं ठीक आहे, पण फोन मी करतो. त्यानं चार नावं ग्रुपवर टाकली. पहिल्या ठिकाणी पोरगं लागलं बोलायला, "सर लाइव्ह शो आहे, फायर आहे, बर्थडेला ड्रम वाजवतो." म्हटलं बाळा, जाळ राहू दे, खुर्च्या सांग. "सर अॅडजस्ट होऊन जाईल." अॅडजस्ट म्हटलं की मी फोन ठेवतो. दुसऱ्या ठिकाणी माणशी मिनिमम बिल इतकं की तेवढ्यात फवारणीचं एक औषध येतं, तेही सोडलं. तिसऱ्या ठिकाणी मी विचारलं की सूपमध्ये मासळी असते का. हे मलाही आधी माहीत नव्हतं, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप दिसतं साधं, पण त्यातलं पाणी बहुतेक दाशीचं असतं, म्हणजे सुकवलेल्या माशाचा काढा, वरून टोफूचे तुकडे पाहून आपण समजतो शाकाहारी. तसंच तळलेल्या भातात अंडं. तिथली मुलगी म्हणाली, "काका मला माहीत नाही, आत विचारून फोन करते," अन् दहा मिनिटांत केला खरंच. म्हणाली दाशी असते, पण तुमच्यासाठी नुसत्या समुद्री शेवाळाची करून देऊ. माझं तिथंच ठरलं. चौथ्याला फोनच केला नाही. जो माहीत नसताना आत जाऊन विचारतो त्याच्याकडं जेवायला हरकत नाही.

तिला बाकीचंही विचारलं. दोन तवे शेजारीशेजारी मिळाले, एकावर फक्त शाकाहारी अन् त्याचा सराटा, चिमटा, तेलाची बाटली सगळं वेगळं. बैलाचं मांस नको म्हटलं, पोळ्याला आम्ही ज्यांच्या पाया पडतो ते, तर तिथं तसंही कोंबडी, कोळंबी अन् मासळीच होती. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावणार का तेही विचारलं, कारण २०२२ च्या जुलैमध्येच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं लावू नका म्हणून सांगितलेलं आहे. मंगळवार, संध्याकाळी सात. जावयांना साडेसहाची वेळ सांगितली, ते बरोबर सातला आले.

बाबांना टोकाला बसवलं, तिथं धग कमी लागते अन् उठायला सोपं. आचारी दार्जिलिंगकडचा, गुमान काम करणारा. त्यानं आधी लसणाच्या पातळ चकत्या तेलात सोडल्या, मंद आंचेवर, पार बदामी होईस्तोवर, अन् कागदावर काढून ठेवल्या. बाबा दोन वेळा वाकून पाहून आले. मग म्हणे, "हे तं आपल्या लांब पोळीवानी झालं, खापरावरून निंगाली का ताटात." आईनं आधी सराटा पाहिला, मग टोफू खाल्ला, मग मशरूम, अन् दुसऱ्यांदा मागून घेतले. शेवटी बाबांनी त्या पोराला विचारलं की तुमच्याकडं लसूण कोणत्या महिन्यात लावतात, अन् त्यावर दोघं इतका वेळ बोलत बसले की आइस्क्रीम वितळलं.

तर साहेब, पुढच्या वेळी हॉटेलांची यादी छापाल तेव्हा प्रत्येकापुढं एवढं टाका की एका तव्याला खुर्च्या किती, शाकाहारी तवा वेगळा मिळतो का, अन् सूप कशाचं. जाळाचा फोटोही टाका, त्याला ना नाही.

आपला,
एक नियमित वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती