तक्रार: 'बीचपासून 5 मिनिटांवर' म्हणून दिलेले टेकडीवरचे हॉटेल (माल्टा सहल)

मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत मी, यजमान, सासूबाई आणि 5 वर्षांचा मुलगा असे चौघे तुमच्यामार्फत माल्टाला जाऊन आलो. तिथला मेलिहा बे हा किनारा आम्ही पाहून-सवरून निवडला होता. माल्टाचा किनारा बहुतेक खडकाळ. इथे मात्र सुमारे 800 मीटर लांब पुळण आहे आणि पाणी इतके उथळ की बरेच आत गेले तरी कमरेवर येत नाही. लहान मूल आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या सासूबाई बरोबर असताना आणखी काय हवे? तुमच्या कार्यक्रमपत्रिकेतही छापले होते: 'हॉटेल बीचपासून 5 मिनिटांवर.'

ही 5 मिनिटे गाडीची, हे तिथे गेल्यावर कळले. मेलिहा गाव टेकडीवर, किनारा पायथ्याला, आणि आमचे हॉटेल वर गावातल्या चर्चजवळ. खोलीतून समुद्र दिसायचा, नाही म्हणत नाही. पर्वतीवरून पुणे दिसते तसा.

पहिल्या दिवशी हौसेने चालत उतरलो. परतताना निम्म्या चढावर सासूबाई कठड्यावर बसल्या त्या बसल्याच. चिरंजीव ओल्या चड्डीत, हातात वाळूची बादली, "उचलून घे" म्हणून भोकाड पसरून उभे. शेजारून गोझो बेटाच्या बोटीकडून येणाऱ्या गाड्या सुसाट. बस आहे, पण किनाऱ्याच्या थांब्यावर येईतो खचाखच भरलेली. दोन तर न थांबताच गेल्या होत्या. पुढचे 4 दिवस जाता-येता टॅक्सी केली.

तुमच्या प्रतिनिधीला फोन केला, तर उत्तर मिळाले, "मॅडम, मॅपवर तर जवळच दाखवतंय." मॅपवर चढ कळत नाही, म्हणूनच तुम्हाला पैसे मोजले ना?

किनाऱ्याबद्दल तक्रार नाही. समोरच्या टेकडीवरचा लाल बुरूज बघत सासूबाई तासभर गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, बाहेर यायला तयार नव्हत्या.

टॅक्सीचे 84 युरो आणि 'बीचजवळचे हॉटेल' म्हणून जादा घेतलेले 22,000 रुपये 15 दिवसांत परत करावेत. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणे भाग पडेल. वेबसाइटवर तीच ओळ कालपर्यंत तशीच होती. तिथे निदान 'गाडीने' एवढा शब्द तरी घाला.

कळावे,
आपली एक ग्राहक, पुणे

सोबत: टॅक्सीच्या 8 पावत्या, कार्यक्रमपत्रिकेची प्रत