मुका नसलेला मूकपट

पुणे

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ मोबाइलवर पाहायला घेतलास आणि पंधराव्या मिनिटाला बंद केलास, हे तुझ्या पत्रात वाचून मला हसू आले, कारण पूर्वी मीही तो घरी असाच अर्धवट टाकला होता. गेल्या शनिवारी मात्र तोच चित्रपट पेटी, तबला आणि बासरीच्या साथीने भरल्या सभागृहात पाहिला, आणि दोष चित्रपटाचा नव्हता हे कळले. १९१९ सालच्या प्रेक्षकांनीही तो निःशब्द खोलीत एकट्याने पाहिला नव्हता. तेव्हा पडद्याजवळ वाजवणारे बसत आणि बोलपट आले तशी त्यांची ती बैठक उठली.

चित्रपटाच्या आरंभी कृष्ण झालेली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी केवळ चेहऱ्याने एकामागून एक भाव दाखवते, हे तुला आठवत असेल. मी धास्तावलो होतो की आता प्रत्येक भावाला वेगळी सुरावट चिकटवली जाणार. तसे झाले नाही. पेटीवाल्याने एकच षड्ज धरून ठेवला, आणि ती मुलगी आपल्या डोळ्यांदेखत कृष्णाच्या वेशात आली तेव्हा कुठे बासरी सुरू झाली. इतकी साधी गोष्ट, पण माझ्या शेजारच्या आजींनी नकळत हात जोडले.

लोणी चोरण्याच्या प्रसंगांत तबलजी थोडा वाहवला, प्रत्येक पावलाला थाप देऊ लागला. पडद्यावर जे दिसतेच आहे ते पुन्हा वाजवून सांगणारी साथ मला आवडत नाही. एक बरे होते, की चित्रपट सावकाश चालवला होता. मूकपट बहुधा सेकंदाला सोळा-अठरा चित्रांच्या आसपासच्या गतीने घेतलेले असत. ते पुढे रूढ झालेल्या चोवीसच्या गतीने दाखवले, की माणसे तुरुतुरु पळू लागतात आणि तबल्याला लय धरायला जागाच उरत नाही.

खरी मजा डोहाच्या प्रसंगात आली. पाण्याखाली कृष्ण आणि कालियाची झुंज, काठावर आक्रोश करणारे गोकुळ, आणि फाळके आपल्याला एकदा इकडे, एकदा तिकडे नेतात. वाजवणाऱ्यांनी झुंज तबल्याकडे दिली होती आणि काठ पेटीकडे. मग ऐन झुंजीत तबला थांबला. दोन-तीन श्वास इतकाच वेळ असेल, पण मागच्या रांगेतले एक लहान मूल मोठ्याने म्हणाले, “गेला का?” नंतर तबलजीला मुद्दाम विचारले, तर तो म्हणाला, ठरवून थांबलो नाही, पडद्याकडे बघताना हातच थांबला.

पुढचा खेळ कळला की तुला कळवतो. आलास तर पुढच्या रांगेत बसू नकोस. तिथून वाजवणाऱ्यांच्या हातांकडेच लक्ष जाते.

तुझा,
विनायक