आई, कुत्र्यांपायी येणं रद्द करू नकोस

बर्लिन, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "तुमच्या जिन्यात कुत्री असतात म्हणे, मी काही येत नाही बाई." त्यावर बाबा हसले आणि विषय तिथेच राहिला. फोनवर हे नीट बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले. बाबांनी मोठ्याने वाचून दाखवा.

आई, तुला कुत्र्यांची भीती वाटते यात लाजण्यासारखं काही नाही. बाबा चारचौघांत त्यावरून चेष्टा करतात ते मला कधीच पटलं नाही. कोरेगावकडे तुझ्या माहेरच्या आळीत पिसाळलेलं कुत्रं चावलेला तो मुलगा तू डोळ्यांनी पाहिलास. पाण्याचा तांब्या समोर आणला की त्याचा घसा आवळायचा आणि तो भिंतीकडे तोंड फिरवायचा, हे तू मला एकदाच सांगितलंस, पण माझ्या कायम लक्षात राहिलं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, त्या धास्तीने लोक दवाखान्यात जायचंच टाळायचे. हे जिने पाहिलं, तिने पुढे कुत्रं दिसल्यावर हातात काठी घेतली तर तिचं काय चुकलं?

इथल्या लोकांनी ते पाहिलेलं नाही, फरक तिथून सुरू होतो. जर्मनीतही रेबीज होता, तो मुख्यतः कोल्ह्यांमधून पसरायचा. १९८३ पासून यांनी जंगलांमध्ये लस भरलेली आमिषं टाकायला सुरुवात केली. पुढे तर विमानातून टाकली. कोल्ह्यांनी ती खाल्ली आणि रोग हळूहळू हटत गेला. २००८ मध्ये जमिनीवरच्या प्राण्यांतला रेबीज देशातून गेल्याचं जाहीर झालं. वटवाघळांत तो अजून सापडतो, पण कुत्र्यांत नाही. त्यामुळे इथल्या आईला पोराच्या पायाशी कुत्रं आलं म्हणून काळजात धस्स होत नाही.

शिवाय बेवारस कुत्रं इथे रस्त्यावर दिसतच नाही. प्रत्येकाला मालक आहे, कातडीखाली चिप आहे, आणि कुणाला चावलं तर भरपाईसाठी विमासुद्धा काढावा लागतो. कुत्रं पाळायचं तर महापालिकेला कर द्यायचा: बर्लिनमध्ये पहिल्याला वर्षाला १२० युरो, पुढच्या प्रत्येकाला १८०. एकूण काय, कुत्रं कुणाचं आणि त्याने काही केलं तर जबाबदार कोण, याचं उत्तर नेहमी दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभं असतं. आपल्या आळीत ते कुणाकडेच नसतं.

आता लोक कसे वागतात ते सांगते, कारण तुला रोज तेच दिसणार आहे. मेट्रोत मोठं कुत्रं चढतं. नियमाने त्याच्या तोंडाला मुसकं हवं. ते मालकाच्या पायांत अंग टाकून पडतं आणि डब्यातलं कुणीही त्याच्याकडे बघत नाही. कुणी हाकलत नाही, कुणी लाडही करत नाही. मागच्या आठवड्यात माझ्यासमोर एक पाचेक वर्षांची मुलगी बसली होती. तिला हात लावावासा वाटत होता. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले आणि आधी मालकिणीला विचारलं, "हात लावू का?" मालकीण म्हणाली, आधी त्याला वास घेऊ दे. मुलीने मूठ मिटून पुढे केली, कुत्र्याने हुंगली, मग तिने डोक्यावरून नाही, मानेच्या बाजूने हात फिरवला. हे वळण इथे लहानपणापासून लावतात आणि मला ते फार आवडतं. हॉटेलातही कुत्री येतात, वेटर पाण्याचं भांडं ठेवतो. किराणा दुकानात मात्र त्यांना मज्जाव आहे, बाहेर कडीला बांधून ठेवतात.

सगळ्यांनाच हे आवडतं असंही समजू नकोस. आमच्या वरच्या मजल्यावर दमास्कसचं एक कुटुंब राहतं. त्यांच्या आजी जिन्यात कुत्रं दिसलं की कोट आवरून कठड्याला टेकून उभ्या राहतात. लाळ लागली तर नमाजाआधी कपडे धुवावे लागतात. खालच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ त्यांना पाहताच दोरी आखूड धरतात, दोघं एकमेकांना "गुटन टाग" म्हणतात आणि आपापल्या वाटेने जातात. एकदा त्या आजींनी मला तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून जोड्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. देवाने त्याची पापं माफ केली म्हणे. मग मी त्यांना नामदेवांची सांगितली, कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव कोरडी खाऊ नकोस म्हणत तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ती. आजी मनापासून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात पुन्हा कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. आपल्याकडे वेगळं काय आहे? आई, दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांनाही तू हात जोडतेस, पालीच्या खंडोबाला गेलो तेव्हा देवाची कुत्री म्हणवणाऱ्या वाघ्यांच्या पाया पडलीस, आणि घरी आल्यावर दाराशी काठीही ठेवलीस. मला यात कधीच विसंगती वाटली नाही. देवाच्या कुत्र्यापासून रोगाचं भय नसतं.

माझी इथली मैत्रीण साताऱ्याला आली होती ती तुम्हाला आठवत असेल. पोवई नाक्यावर एकाने कुत्र्याला दगड भिरकावला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच संध्याकाळी राजवाड्यापाशी वड्याच्या गाडीवाल्याने उरलेले पाव कुत्र्यांना घातले, आणि बंद दुकानांच्या पायऱ्यांवर कुत्री निर्धास्त झोपलेली पाहून ती थक्क झाली. मालक नसलेलं कुत्रं इतकं निवांत झोपू शकतं हे तिला माहीतच नव्हतं. मग बाबांनी तिला संगम माहुलीला नेऊन शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवली. वाघापासून महाराजांचा जीव वाचवणाऱ्या कुत्र्याची कथा तिने इकडे येऊन सगळ्यांना सांगितली. अठराव्या शतकात छत्रपतींनी कुत्र्याची समाधी बांधली हे इथे कुणाला खरं वाटत नव्हतं, फोटो दाखवावे लागले. बाबा, त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला.

तर आई, इथे आल्यावर एवढंच कर. कुत्रं समोरून आलं तर पळू नकोस, हात वर घेऊ नकोस, त्याच्या डोळ्यांत बघू नकोस. बाजूला होऊन शांत उभी राहा आणि मालकाला हाताने खूण कर. तो दोरी जवळ घेईल. इथे याचा कुणाला राग येत नाही. खालच्या गृहस्थांना मी आधीच सांगून ठेवलंय. ते म्हणाले, तुझ्या आई जिन्यात असतील तेव्हा आम्ही दारातच थांबू.

बाबा, तुम्हाला वेगळी सूचना. इथे "यू यू" करून कुणाच्याही कुत्र्याला पार्ले-जी घालायचा नाही. बऱ्याच कुत्र्यांना डॉक्टरांनी पथ्य दिलेलं असतं, आणि न विचारता खायला घातलेलं मालकांना मुळीच खपत नाही. विचारून हात लावा, लोक खुशाल लावू देतात. ग्रुनेवाल्डच्या तळ्याकाठी कुत्री मोकळी सोडायची जागा आहे, तिथे तुम्हाला नक्की नेईन. आई तेव्हा माझ्याबरोबर कॉफी पीत बसेल.

आता तिकडचं. अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर तुम्ही कुत्र्यांना खायला घालता त्यावरून कॉलनीत वाद चाललाय असं आईकडून कळलं. तुमची माया मला कळते, पण पहाटे त्याच वाटेने शाळेला जाणाऱ्या पोरांच्या आयांची भीतीही खरी आहे, आणि ती तुम्ही ऐकून घेतली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच दोन्हीकडून धरलं आहे: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायची, पिसाळलेली किंवा अंगावर येणारी सोडायची नाहीत, आणि खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. तुम्ही नगरपालिकेत जाऊन अशी जागा मागून घ्या, आणि तुमच्या त्या चार कुत्र्यांच्या नसबंदीसाठी अर्ज द्या. नुसतं खाऊ घालून आपली जबाबदारी संपत नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि तुमच्या पोटरीवरचा तो ओरखडा. "रोजचंच कुत्रं आहे, खेळता खेळता दात लागला" म्हणून तुम्ही वर हळद दाबलीत, हे कळलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. आईने तुम्हाला पंधरा मिनिटं साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पाय धरायला लावला आणि ओढत सिव्हिलला नेलं, तिचे उपकार माना. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. ओळखीचं कुत्रं असलं तरी त्याला लस दिली आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही. आता इंजेक्शनं दंडात घेतात, पोटात नाही, आणि तुमचं अठ्ठाविसाव्या दिवसाचं तेवढं राहिलंय. बरं वाटतंय म्हणून ते टाळू नका. ते झालं की कार्डाचा फोटो पाठवा, तो आला की मी तिकिटं काढते.

येताना कंदी पेढे आणा, खालच्या गृहस्थांसाठी एक वेगळा बॉक्स. कुत्र्याला मात्र गोड चालत नाही, त्यांनी बजावून सांगितलंय.

तुमची लाडकी,
मनू