क्रमवारीच्या आकड्यावर विद्यापीठांचे धोरण नको

महोदय,

विद्यापीठांची जागतिक क्रमवारी जाहीर झाली की अमुक विद्यापीठ बारा पायऱ्या चढले, तमुक वीस पायऱ्या घसरले, अशा बातम्या आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत ठळकपणे येतात. त्या वर्षभरात तेथील वर्गांत, प्रयोगशाळांत वा ग्रंथालयात नेमके काय बदलले याचा उल्लेख बातमीत क्वचितच असतो, आणि बहुतेक वेळा फारसे काही बदललेलेही नसते. सांख्यिकी हा विषय आयुष्यभर शिकवलेला एक निवृत्त अध्यापक या नात्याने या क्रमांकांविषयी, आणि त्याहून अधिक त्यांच्या आधारे आखल्या जाणाऱ्या धोरणांविषयी, लिहावेसे वाटते.

मुळात हा क्रमांक कशातून निघतो हे पाहायला हवे. 2003 मध्ये शांघाय येथील जिआओ टाँग विद्यापीठाने पहिली जागतिक यादी काढली, ती चिनी विद्यापीठे जगाच्या तुलनेत कुठे आहेत हे तपासण्यासाठी. त्या यादीत 30 टक्के भार माजी विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना मिळालेल्या नोबेल व गणितातील फील्ड्स पुरस्कारांना आहे. म्हणजे काही दशकांपूर्वी तिथे शिकून गेलेल्या शास्त्रज्ञाच्या पुण्याईवर आजचा विद्यार्थी प्रवेश घेतो. ‘क्यूएस’ या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक क्रमवारीत प्राध्यापकांच्या आणि नोकरी देणाऱ्यांच्या मतांना मिळून 45 टक्के भार आहे, एखाद्या विद्यापीठाचे नाव ऐकून माहीत असणे आणि तेथील काम माहीत असणे यांतला फरक अशा पाहणीत कसा कळणार? वर्गात काय आणि कसे शिकवले जाते, याचा थेट मागोवा या दोन्ही याद्यांत नाही. शांघायच्या यादीचे कर्ते निदान एवढे तरी प्रामाणिक आहेत की पहिल्या शंभरांनंतर ते स्वतंत्र क्रमांक न देता 101 ते 150 असे गट देतात. गुणांतला फरक नगण्य असताना त्यावर क्रमांक लावू नये, हे सांख्यिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

हे सारे कुतूहलापुरते राहिले असते तर या पत्राचे कारण नव्हते. परंतु शिष्यवृत्त्या, परदेशी विद्यापीठांशी करार आणि अनुदाने यांच्या अटींत आता हे क्रमांक शिरले आहेत. ब्रिटनने 2022 मध्ये उच्च गुणवत्तेच्या पदवीधरांसाठी नवा व्हिसा सुरू केला, तेव्हा अर्जदाराचे विद्यापीठ तीनपैकी किमान दोन जागतिक याद्यांत पहिल्या पन्नासांत असावे, अशी अट घातली. अर्जदाराने काय शिकले आणि त्याला काय येते, हा प्रश्न त्या अटीत उरतच नाही. खासगी संस्थांनी ठरवलेले भारांक अशा रीतीने एका देशाच्या स्थलांतर धोरणाचा भाग झाले.

एखादे माप हेच उद्दिष्ट झाले की ते माप म्हणून निकामी होते, हा निष्कर्ष ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात काढलेल्या निरीक्षणातून पुढे आला. विद्यापीठांना तो तंतोतंत लागू पडतो. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग 82.5 टक्के आहेत, अशी माहिती अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने तेथील एका राष्ट्रीय क्रमवारीसाठी दिली होती. त्याच विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी 2022 मध्ये सार्वजनिक वेळापत्रके घेऊन मोजणी केली, तेव्हा ते प्रमाण 67 टक्क्यांच्याही आत भरले. विद्यापीठाने चूक मान्य केली आणि दुसऱ्या क्रमांकावरून ते 18 व्या क्रमांकावर आले. शिकवणारे तेच होते आणि वर्गही तेच होते. शोधनिबंधांच्या बाबतीत तर याहून वाईट घडले. पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागल्यावर निबंध विकत देणारे धंदे उभे राहिले, आणि हिंदावी या एकाच प्रकाशनसमूहाला 2023 या वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले.

याची झळ मी स्वतः अनुभवली आहे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण आम्ही सहा वेळा दुरुस्त केले. पाहणीसाठी कोणाला विचारायचे, म्हणजे नमुना, हे निवडण्याची पद्धतच चुकली होती, ती तिला स्वतःला सापडावी म्हणून मी दर वेळी समासात फक्त प्रश्नचिन्ह करीत असे. सहाव्या वेळी ती दारातच उभी राहून म्हणाली, ‘सर, सापडलं. मी घरी असलेल्यांनाच विचारत गेले.’ त्या वर्षीच्या स्वमूल्यमापन अर्जात या सगळ्यासाठी एकच रकाना होता, ‘मार्गदर्शन केलेले विद्यार्थी’, आणि त्यात मी 1 हा आकडा भरला. त्याच अर्जात निबंध, सायटेशन (इतरांच्या निबंधांत आलेले आपले संदर्भ), इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातील निबंधांना सरासरी मिळणारे संदर्भ) यांच्यासाठी दोन पाने होती. गंमत अशी की इम्पॅक्ट फॅक्टरचे जनक यूजीन गारफिल्ड यांच्या डोळ्यांसमोर नियतकालिके होती. अध्यापकांची प्रतवारी लावण्यासाठी ते माप बनलेच नव्हते.

क्रमवारी नसेल तर दूरच्या विद्यार्थ्याने विद्यापीठ कसे निवडावे आणि जनतेच्या पैशाचा हिशेब कसा मागावा, हा आक्षेप रास्त आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. मात्र विद्यार्थ्याला हवी असते ती माहिती. कायम अध्यापक किती आणि कंत्राटी किती, शिक्षण अर्धवट सोडणारे किती, एका मार्गदर्शकाकडे संशोधक विद्यार्थी किती, हे आकडे विद्यापीठांनी तपासणीसह जाहीर करणे बंधनकारक करावे. त्यांची बेरीज करून एकच क्रमांक काढण्याची गरज नाही. संशोधकांच्या मूल्यमापनालाही पर्याय आहेत. जर्मनीच्या संशोधन अनुदान संस्थेने 2010 मध्ये अर्जात निवडक पाचच प्रकाशने देण्याची मर्यादा घातली, म्हणजे परीक्षकाने ती मोजण्याऐवजी वाचावीत. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाने 2021 मध्ये नेमणुका आणि पदोन्नतीतून इम्पॅक्ट फॅक्टर वगळला आणि 2023 मध्ये ‘टाइम्स हायर एज्युकेशन’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या जागतिक क्रमवारीला माहिती देणेही थांबवले. पुढच्या वर्षी झुरिक विद्यापीठाने तोच मार्ग धरला.

अर्थात उट्रेख्त आणि झुरिक यांना हे परवडते, कारण त्यांचे नाव आधीच झालेले आहे. नव्या, लहान विद्यापीठाने यादीतून बाहेर पडणे म्हणजे अनुदानावर आणि प्रवेशांवर पाणी सोडणे ठरेल. म्हणून सुरुवात सरकारांनी करावी आणि शिष्यवृत्ती, व्हिसा व अनुदान यांच्या अटींतून क्रमांक काढून टाकावा. आपल्यासारख्या वृत्तपत्रांना एक छोटी विनंती आहे. पुढची यादी छापताना प्रत्येक निकषाचा भार किती, त्यातला किती भाग निव्वळ मतपाहणीवर अवलंबून आहे आणि विद्यापीठाने दिलेली माहिती कोणी तपासली, एवढ्या तीन ओळी बातमीच्या शेजारी चौकटीत द्याव्यात.

आपला,
सांख्यिकीचा एक निवृत्त अध्यापक