मेटॅलिकाच्या गाण्यांचा गळा कुणी दाबला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या नव्या अल्बमचं परीक्षण वाचलं. गाण्यांचं केलेलं कौतुक मला पूर्ण मान्य आहे. पण ही गाणी कानावर कशी पडतात, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. माझं दुःख नेमकं तिथंच आहे.

मी अकरावीत असताना मित्राच्या मोठ्या भावाने त्यांचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हा अल्बम कोऱ्या कॅसेटवर उतरवून दिला होता. टेप गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. तेव्हापासून हा बँड सोडला नाही. १९९६ मध्ये ‘लोड’ हा मवाळ वळणाचा अल्बम आला तेव्हा बरोबरच्या मुलांनी भिंतीवरची पोस्टर काढली, माझं तसंच राहिलं. २००३ च्या ‘सेंट अँगर’मध्ये स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा छोटा ड्रम) पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता आणि एकही गिटार सोलो नव्हता, तेही सोसलं. म्हणून बॉब रॉक यांच्या जागी रिक रूबिन निर्माते झाले, बँड पुन्हा थ्रॅशकडे, म्हणजे आपल्या सुरुवातीच्या वेगवान, आक्रमक शैलीकडे वळतोय हे कळलं, तेव्हापासून हा अल्बम येण्याच्या दिवसाची, १२ सप्टेंबर २००८ ची वाट पाहत होतो.

आणि खरंच, सोलो परत आलेत. सात-आठ मिनिटं वळणं घेत जाणारी गाणी परत आलीत. ‘ऑल नाइटमेअर लाँग’ ऐकताना मी खुर्चीतून उठलो होतो. पण थोड्याच वेळात कान दुखायला लागले. आधी वाटलं, माझा स्पीकर फाटलाय. हेडफोनवर ऐकलं, मित्राच्या घरच्या डेकवर ऐकलं. सगळीकडे तीच फरफर.

मी हौशी नाटकांचं साउंड बघतो, त्यामुळे कारण ओळखीचं होतं. सीडीवर आवाजाला एक कमाल मर्यादा असते, त्याच्या वर जाताच येत नाही. मग गाणं इतरांपेक्षा मोठं वाटावं म्हणून कॉम्प्रेसर आणि लिमिटर (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणारी साधनं) लावून हळू भाग वर ओढतात, आणि मोठे भाग मर्यादेला आपटून त्यांचे शेंडे छाटले जातात. ड्रमवर काठी पडते त्या क्षणाचा जो ठोसा असतो, तोच या छाटणीत जातो. उरतो तो चरचराट.

या बँडच्या बाबतीत हे जास्त लागतं, कारण त्यांची निम्मी ताकद शांततेत आहे. ‘फेड टू ब्लॅक’ किंवा ‘वन’ आठवा. सुरुवातीला गिटारचे मोकळे, सुटे सूर, आणि नंतरचा स्फोट अंगावर येतो तो त्या सुरांमुळेच. आपल्याकडे एकट्या ताशाची तर्री चालू असते, लोक श्वास धरून उभे असतात आणि मग सगळे ढोल एकदम पडतात, तसंच. ‘द डे दॅट नेव्हर कम्स’ त्याच घाटाचं गाणं आहे, उत्तम बांधलेलं. पण सीडीवर त्याची हळू सुरुवातच इतकी वर आणून ठेवली आहे की पुढे चढायला जागाच राहत नाही.

सर्वांत जास्त चीड याची येते की मूळ ध्वनिमुद्रण चांगलं आहे. ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेमसाठी याच गाण्यांचे सुटे ट्रॅक (प्रत्येक वाद्याचं वेगळं मुद्रण) दिले गेले, आणि त्यांच्यावर हा शेवटचा दाब पडलेला नाही. तिथे ड्रम ड्रमसारखे वाजतात, बास वेगळा ऐकू येतो. पैसे मोजून घेतलेल्या सीडीपेक्षा खेळातलं गाणं बरं वाजावं? मास्टरिंग, म्हणजे सीडी निघण्याआधीचा ध्वनीवरचा शेवटचा हात, करणारे टेड जेन्सन यांनीही मिक्स (सगळी वाद्यं एकत्र केलेली गाणी) आपल्याकडे आले तेव्हाच ते दाबलेले होते, असं सांगितलं आहे. हजारो चाहत्यांनी नव्या मिक्ससाठी सह्या केल्या आहेत, त्यांत माझीही आहे.

आपल्या परीक्षकांना विनंती, अल्बमबद्दल लिहिताना त्याच्या ध्वनीबद्दलही लिहा. चित्रपटाच्या परीक्षणात छायाचित्रणावर दोन ओळी असतातच ना? वाचकांनी विचारलं नाही, तर पुढचा प्रत्येक रॉक अल्बम असाच पिळून येईल.

ही सीडी मी जपून ठेवणार आहे. मोकळा श्वास घेणारी आवृत्ती निघाली, तर तीही विकत घेईन.

आपला,
एक वाचक, डोंबिवली